टेलोमिअर आखूड आहेत म्हणजे हार्ट अटॅक येणारच का?

मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेले एक गृहस्थ तपासणीला आले आणि त्यांनी टेबलावर एक रिपोर्ट ठेवला. "डॉक्टर, माझं वय ५४, पण यात ६३ लिहिलंय." सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीय. टेलोमिअर वाढवायच्या कॅप्सूल घेतायत." रिपोर्टपेक्षा मला त्या दुसऱ्या वाक्याची जास्त काळजी वाटली.

टेलोमिअर म्हणजे काय? बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकचे टोपण असते, त्यामुळे धागे सुटत नाहीत. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही डीएनएचे असेच टोपण असते. पेशीचे विभाजन झाले की ते थोडे झिजते. फार आखूड झाले की पेशी विभाजन थांबवते. या टोपणांचे आणि ती पुन्हा बांधणाऱ्या टेलोमरेज या एन्झाइमचे कोडे उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले.

याचा हृदयाशी काय संबंध, हा प्रश्न इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठातले भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ प्रा. नीलेश सामानी यांनी लावून धरला. सारख्याच वयाच्या, सारखाच बीपी असलेल्या दोघांपैकी एकाच्याच धमन्या का तुंबतात? एकाच्या पेशी आधीच 'म्हाताऱ्या' झालेल्या असतात का? २००१ मध्ये त्यांच्या गटाने हृदयाच्या धमन्यांत गंभीर अडथळे असलेल्या १० रुग्णांची तुलना स्वच्छ धमन्यांच्या २० जणांशी केली. रुग्णांचे टेलोमिअर इतके आखूड होते, की जणू ते ८.६ वर्षांनी मोठे असावेत. अभ्यास अगदी छोटा होता, पण दिशा मिळाली.

माझ्या मते महत्त्वाचा अभ्यास २००७ चा. स्कॉटलंडमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेल्या मध्यमवयीन पुरुषांवर प्रॅव्हास्टॅटिनची चाचणी झाली होती. त्यातील पुढे हृदयविकार झालेल्या सुमारे ५०० जणांचे आणि न झालेल्या सुमारे १००० जणांचे टेलोमिअर सामानींच्या गटाने मोजले. औषधाऐवजी नुसती प्लासिबो गोळी मिळालेल्यांत, आखूड टेलोमिअर असलेल्यांचा धोका जवळपास दुप्पट होता. प्रॅव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हा जादा धोका बराच कमी झालेला दिसला. म्हणजे टेलोमिअरच्या भीतीने ज्यांनी स्टॅटिन सोडले, त्यांना त्याचाच जास्त फायदा होण्याची शक्यता होती!

आखूड टेलोमिअरमुळे आजार होतो, की आजारामुळे ते आखूड होतात? याचे उत्तर जनुकांत शोधावे लागले, कारण जनुके जन्मतःच ठरतात, आजार त्यांना बदलत नाही. २०१३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात टेलोमिअरची लांबी ठरवणाऱ्या ७ जागा पाहिल्या गेल्या. जन्मतः आखूड टेलोमिअरकडे कल असलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण थोडे जास्त आढळले. तेव्हा संबंध खरा आहे, पण तो अनेक कारणांपैकी एक.

मग ते लांब केले तर?

इथेच गोम आहे. ज्यांचे टेलोमिअर जन्मतः लांब, त्यांना हृदयविकार कमी, पण काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका जास्त, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. ते साहजिकही आहे, कारण विभाजन न थांबणारी पेशी हीच कर्करोगाची सुरुवात असते. टेलोमिअर वाढवून हार्ट अटॅक टळतो असे सिद्ध झालेले एकही औषध आज नाही.

रिपोर्टमधल्या 'वयाचे' काय? सारख्या वयाच्या निरोगी माणसांतही ही लांबी खूप वेगवेगळी असते, त्यामुळे एका आकड्यावरून एका माणसाचे भविष्य सांगता येत नाही. हा आकडा कळल्याने माझ्या प्रिस्क्रिप्शनमधली एकही गोळी बदलत नाही. बीपी, साखर, एलडीएल, तंबाखू हे कळल्यावर मात्र बदलते.

त्या गृहस्थांची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. स्टेंट बसवलेल्या रुग्णाचे एलडीएल ७० च्या खाली, बहुतेक वेळा त्याहूनही कमी हवे. गोळी बंद करण्याचे खरे कारण विचारल्यावर कळले, पोटऱ्या दुखत होत्या. असे होत असेल तर गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, दुसरे स्टॅटिन देता येते. लघवी गडद झाली किंवा फार अशक्तपणा आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.