रक्तातला दाह, गाठीतल्या पेशी: कर्करोगाच्या अनुमानाचा मागोवा

कर्करोगाचे निदान झाल्यावर रोग पुढे कोणते वळण घेईल, याचे अनुमान बांधताना वैद्यकाची नजर बराच काळ गाठीवरच खिळलेली होती. गाठ केवढी, लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, दूरच्या अवयवांत पसरली का, या तीन प्रश्नांवर टीएनएम ही वर्गवारी उभी आहे. पिअर देन्वा या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९४३ ते १९५२ या काळात ती रचली आणि आजही जगभर तीच वापरली जाते. पण एकाच टप्प्यावरच्या दोन रुग्णांपैकी एक दहा वर्षे काढतो आणि दुसरा दोन वर्षांत जातो, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. गाठीला शरीर कसे तोंड देते आहे, याची नोंदच तिच्यात नसते.

ही नोंद घेण्याचा विचार मात्र टीएनएमपेक्षा बराच जुना आहे. १८६३ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो याला गाठींच्या ऊतकात पांढऱ्या पेशी दिसल्या आणि दीर्घकाळ दाह असलेल्या जागी कर्करोग उद्भवतो, असे त्याने मांडले. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचा शल्यचिकित्सक विल्यम कोली नेमक्या उलट बाजूने या प्रश्नापाशी पोचला. त्वचेच्या तीव्र जंतुसंसर्गानंतर एका रुग्णाचा सार्कोमा विरून गेल्याची जुनी नोंद त्याला सापडली होती; मग त्याने रुग्णांना मुद्दाम जंतू, आणि पुढे मेलेल्या जंतूंचे मिश्रण, टोचायला सुरुवात केली. काही गाठी खरोखरच ओसरल्या. म्हणजे एकाच्या मते दाहाने कर्करोग होतो आणि दुसऱ्याच्या हाती दाहाने तो बरा होतो! दोघांच्याही निरीक्षणात तथ्य होते, पण त्यांचा मेळ घालायला शतकभराहून अधिक काळ गेला. मधल्या काळात क्ष-किरण आले, नंतर केमोथेरपी आली आणि कोलीचे मिश्रण मागे पडले.

तरी धागा पुरता तुटला नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मॅकार्टी याने १९२० च्या दशकात जठराच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना नोंदवले, की ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात ते रुग्ण जास्त जगतात. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक प्रथिन आढळले. न्यूमोकॉकस जंतूच्या सी नावाच्या घटकाशी त्याची प्रक्रिया होई, म्हणून ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच आजच्या लॅब रिपोर्टमधले सीआरपी. या शोधाचा कर्करोगाशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

१९५० च्या दशकाअखेर लुईस थॉमस आणि मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिकारयंत्रणा शरीरात उपजणाऱ्या कर्कपेशी सतत टिपून काढते, असा सिद्धान्त मांडला. १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन याच्या प्रयोगांनी त्याला खीळ बसली. थायमस (प्रतिकाराच्या टी-पेशी जिथे पक्व होतात ती ग्रंथी) नसलेल्या केसविरहित उंदरांनाही निरोगी उंदरांइतक्याच गाठी झाल्या. त्या उंदरांत नैसर्गिक मारक पेशी शाबूत असतात, हे पुरते लक्षात येईपर्यंत हा विषय जवळजवळ अडगळीत गेला. २००१ मध्ये सेंट लुईसच्या रॉबर्ट श्रायबर याच्या गटाने अधिक नेमके जनुकबदल केलेले उंदीर वापरले आणि सिद्धान्त सुधारित रूपात परत आला: प्रतिकारयंत्रणा गाठींना आवर घालते, पण त्याच ओघात तिला चुकवणाऱ्या पेशी मागे उरतात.

दाहाच्या बाजूला १९८६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. हॅरल्ड ड्वोरॅक याने गाठीला कधीच भरून न येणाऱ्या जखमेची उपमा दिली. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पांढऱ्या पेशी धाव घेतात, ऊतक वाढीला लागते आणि काम झाले की सगळे थांबते. गाठीत हे थांबत नाही. फिरखोच्या निरीक्षणाला यातून कारण मिळाले. हॅनाहन आणि वाइनबर्ग या संशोधकांनी २००० मध्ये कर्करोगाची जी ठळक लक्षणे मांडली, त्यांत दाहाला स्वतंत्र स्थान नव्हते; २०११ च्या सुधारित मांडणीत गाठीला पोसणारा दाह आणि प्रतिकारयंत्रणेला दिलेला चकवा या दोन्ही गोष्टी आल्या.

अनुमानाच्या दृष्टीने खरा बदल मात्र प्रयोगशाळेतल्या उंदरांनी नव्हे, तर साध्या रक्ततपासण्यांनी घडवला. २००३ मध्ये ग्लासगोच्या डोनाल्ड मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात दोनच आकडे वापरले. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लिटरमागे ३५ ग्रॅमच्या खाली असेल तर आणखी एक. शून्य, एक किंवा दोन, एवढाच हा ग्लासगो निर्देशांक. दोन गुणांचे रुग्ण शून्य गुणांच्या रुग्णांपेक्षा लवकर दगावतात, हे पुढे आतडे, जठर, स्वादुपिंड अशा अनेक कर्करोगांत दिसून आले. नंतरच्या सुधारित आवृत्तीत केवळ अल्ब्युमिन कमी असल्याचा गुण काढून टाकला, कारण दाहाशिवाय नुसते अल्ब्युमिन घटलेले रुग्ण थोडे होते आणि त्या घटीवरून अनुमान फारसे बदलत नव्हते.

या दोन आकड्यांमागची यंत्रणा एकच आहे. गाठीतल्या आणि तिच्याभोवतीच्या पेशी इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. ते यकृतापर्यंत पोचले की यकृत आपले उत्पादन बदलते; सीआरपी भराभर बनू लागते आणि अल्ब्युमिनची निर्मिती मागे पडते. स्नायूंतली प्रथिने मोडून कच्चा माल पुरवला जातो. नीट जेवूनही रुग्णाचे वजन उतरत जाते, दंड-मांड्या झिजतात, त्याचे एक कारण हे. अशा शरीराला केमोथेरपीही कमी झेपते. म्हणूनच या निर्देशांकात गाठीच्या उग्रतेबरोबर रुग्णाच्या अंगातले बळही आपोआप मोजले जाते.

आणखी एक आकडा तर रक्तपेशी मोजणाऱ्या कुठल्याही सीबीसी रिपोर्टमध्ये आयताच मिळतो. डिफरन्शियल काउंटमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीत, न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर सहा. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील, तर दोन. २००१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरचा ताण मोजायला हे गुणोत्तर सुचवले गेले, २००५ च्या सुमारास ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरले गेले आणि मग त्यावर शोधनिबंधांचा पूरच लोटला. २०१४ मध्ये टेम्पलटन आणि सहकाऱ्यांनी अशा १०० अभ्यासांतल्या ४०,५५९ रुग्णांची माहिती एकत्र केली. गुणोत्तर जास्त असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट निघाला. न्यूट्रोफिल नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात, टी-पेशींना दाबतात आणि आपल्या डीएनएची जाळी फेकून रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींना नव्या जागी रुजायला मदत करतात. लिम्फोसाइट घटणे म्हणजे प्रतिकाराची मुख्य फळीच विरळ होणे.

गाठीच्या आत पाहिले की चित्र उलटते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने अंडाशयाच्या प्रगत कर्करोगाचे १८६ नमुने तपासले. ज्यांच्या गाठीत टी-पेशी शिरलेल्या होत्या त्यांपैकी ३८ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होत्या; जिथे त्या नव्हत्या तिथे केवळ ४.५ टक्के. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गालों याने मोठ्या आतड्याच्या गाठींत पेशींचा प्रकार, त्यांची दाटी आणि त्यांची नेमकी जागा या तिन्ही गोष्टी मोजल्या. त्यातून इम्युनोस्कोर घडला. गाठीचा गाभा आणि तिची पसरती कड या दोन ठिकाणी सीडी३ आणि सीडी८ खुणेच्या टी-पेशींची दाटी पाहून तो ठरतो. २०१८ मध्ये १३ देशांतल्या २,६८१ रुग्णांवर त्याची पडताळणी प्रसिद्ध झाली. अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट या प्रकल्पात सहभागी होती. फिरखो आणि कोली यांच्यातला विसंवाद इथे बराचसा मिटतो. शरीरभर रेंगाळणारा दाह गाठीच्या पथ्यावर पडतो, तर गाठीत शिरलेल्या टी-पेशी तिच्या मुळावर येतात. मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगात १९७६ पासून वापरली जाणारी बीसीजी लस तीव्र, स्थानिक दाह मुद्दाम पेटवते, ती याच हिशेबाने.

मग दाह शमवला तर रुग्ण जास्त जगतील का? उत्तर गुंतागुंतीचे निघाले. २०१७ मध्ये कँटॉस चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढे असलेल्या १०,०६१ जणांवर ती झाली होती. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनाला अडवणारे कॅनाकिनुमॅब हे औषध ज्यांना मोठ्या मात्रेत मिळाले, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान दोन तृतीयांशाने घटले. आशा उंचावल्या. पण प्रत्यक्ष फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांवरच्या याच औषधाच्या तीन मोठ्या चाचण्या २०२१ आणि २०२२ मध्ये अपयशी ठरल्या. धोक्याची खूण अचूक असली तरी ती पुसल्याने धोका टळेलच असे नाही, आणि या क्षेत्रातल्या उत्साहाला एवढी तंबी आवश्यकच होती. अ‍ॅस्पिरिनची परीक्षा अजून चालू आहे. ब्रिटनमधून चालवल्या जाणाऱ्या अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन चाचणीत भारतीय रुग्णालयेही आहेत.

प्रतिकाराचा लगाम सैल करणाऱ्या औषधांनी अधिक दिले. २०११ मध्ये त्यांपैकी इपिलिमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०१८ मध्ये या औषधांमागच्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना नोबेल. औषधांची किंमत हा भारतात कळीचा मुद्दा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या गटाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. मेथोट्रेक्सेट, अर्लोटिनिब आणि सांधेदुखीवर एरवी दिले जाणारे दाहशामक सेलेकॉक्सिब सगळ्यांनाच होते. निम्म्यांना त्यावर याच लगाम सैल करणाऱ्या वर्गातले निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आहे. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. या वर्गातल्या औषधांबाबत अनेक अभ्यासांनी दाखवले आहे, की उपचारांच्या सुरुवातीलाच न्यूट्रोफिलचे गुणोत्तर चढे असेल तर लाभ कमी होतो.

एवढे असूनही एका रुग्णाच्या बाबतीत हे आकडे जपून वाचावे लागतात. क्षयरोग, छातीतला संसर्ग किंवा चिघळलेला व्रण यांनी सीआरपी वाढते. स्टेरॉइड घेतल्यावर न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात; केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन दिले असेल तर त्या आठवड्यातले गुणोत्तर निरर्थकच. धोक्याची रेषा कोणी तीनवर ओढतो, कोणी पाचवर. त्यामुळे एकट्या रिपोर्टवरून उपचार ठरत नाहीत. टप्पा, गाठीचा प्रकार आणि रुग्णाची ताकद यांच्या जोडीने, आणि शक्यतो काही आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन-तीन तपासण्या एकत्र पाहून, हे आकडे विचारात घेतले जातात.