फुगणारी जमीन

इटलीत नेपल्सजवळच्या पोझुओलीत रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. पुरुषभर उंचीच्याही वर त्यांची चाळण झालेली दिसते. ही भोकं पाडली दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांनी! म्हणजे खांब जागचे न हलता जमिनीबरोबर समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले.

हे गाव कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या विस्तीर्ण खळग्यात वसलंय. 1538 मध्ये इथली जमीन आधी फुगली, मग फुटली. आठवडाभरात नवी टेकडी उभी राहिली. 1982 ते 84 मध्ये इथली जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली, बंदर उथळ झालं, पण उद्रेक झालाच नाही.

2005 पासून जमीन पुन्हा वर येतेय. जीपीएस केंद्रं आणि कलमापक अहोरात्र नोंदी घेतात. रडार उपग्रह दोन वेळच्या प्रतिमा ताडून सेंटिमीटरहूनही कमी फरक टिपतात. फुगवटा मध्यभागी किती, कडेला किती, यावरून खालच्या दाबाची खोली काढता येते. खरी मेख पुढे आहे: तो दाब शिलारसाचा की तापलेल्या पाण्याचा नि वायूंचा, हे नुसतं उंची मोजून कळत नाही. म्हणून भूकंपांच्या नोंदी आणि वाफाऱ्यांतले वायूही तपासावे लागतात. वाद अजून मिटलेला नाही.