दुसरा कीपर

अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर संध्याकाळी एकाच वेळी पाच-सहा सामने चालायचे. एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या पिचवर उभा असायचा आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. ज्याची बॅट तो ओपनर, ज्याचा बॉल तो बॉलर. वाटणीत शेवटी जो उरायचा त्याला हाक यायची, 'तू जाय बे, कीपिंगले उभा राह्य.' मी कायम उरलेल्यांतला. ग्लोव्ह्ज नव्हतेच. रात्री सुजलेलं बोट पाहून आई विचारायची, 'कायले बोटं मोडून घेतं रे?' तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे खेळ सुटला, पण कीपर नावाच्या माणसाबद्दलचं कुतूहल राहिलं.

संघात फलंदाज सहा असतात, गोलंदाज चार. कीपर एक. सातवा फलंदाज कोणी जखमी होईल, कोणाचा फॉर्म जाईल याची वाट पाहू शकतो. दुसऱ्या कीपरला मात्र एकाच माणसाकडे डोळे लावून बसावं लागतं, आणि तो माणूस बहुधा धडधाकट असतो. फुटबॉलच्या गोलरक्षकाचं हेच, हॉकीच्या गोलरक्षकाचंही हेच.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार पायऱ्यांवर ९२ क्लब आहेत. त्याखाली पसरलेल्या जगाला तिकडे 'नॉन-लीग' म्हणतात. सटन युनायटेड या तिथल्या क्लबचा राखीव गोलरक्षक वेन शॉ जगाला एकदाच दिसला. २० फेब्रुवारी २०१७ ला एफए कपमध्ये आर्सेनलसारखा संघ त्यांच्या छोट्याशा मैदानावर आला होता. सटनचे तिन्ही बदली खेळाडू आत गेलेले, म्हणजे शॉला आता खेळायला मिळण्याची शक्यता शून्य. पंचेचाळीस वर्षांचा हा जाडजूड गृहस्थ बाकावर बसून कॅमेऱ्यासमोर पाय खाऊ लागला. (पाय म्हणजे सारण भरलेलं भाजलेलं प्रकरण, आपल्या कचोरीचा विलायती मावसभाऊ समजा.) तो कॅमेऱ्यासमोर खाईल का, यावर एका कंपनीनं एकास आठ भावानं पैजा घेतल्या होत्या. चौकशी लागली, शॉला क्लब सोडावा लागला, पुढे दंड आणि दोन महिन्यांची बंदीही आली. पैजेच्या प्रकरणात त्याची चूक होतीच. मला मात्र त्या चित्रातला बाक जास्त दिसतो.

तसाच बाक आमच्या वऱ्हाडातल्या एका पोट्ट्याच्या वाट्याला आला, आणि त्याच्या बाकाला दोन मजले होते. जितेश शर्मा, जन्म अमरावतीचा, २२ ऑक्टोबर १९९३. त्याला क्रिकेटपटू व्हायचंच नव्हतं. हवाई दलात जायचं होतं. राज्य पातळीवर खेळलं तर दहावीला चार टक्के वाढीव गुण मिळतात म्हणून तो शाळेच्या संघाकडे गेला, असं त्यानंच मुलाखतींतून सांगितलंय. रीतसर कोच नव्हता. ॲडम गिलख्रिस्टचे व्हिडिओ पाहून शिकला. माझं मत असं, की वऱ्हाडातल्या कुठल्याही निवड चाचणीनं केलं नसेल एवढं काम त्या चार टक्क्यांनी केलं.

अमरावतीला खेळाची परंपरा नाही असं मात्र नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथं १९१४ पासून उभं आहे. वैद्य बंधूंनी काढलेल्या या आखाड्याची पथकं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. मातीतले खेळ या गावाच्या अंगात आहेत. क्रिकेटचं दार मात्र दीडशे किलोमीटरवर नागपुरात, आणि अकोल्याच्या पोराला आणखी शंभर किलोमीटर. बदनेऱ्याला गाडी पकडायची, किट मांडीवर घेऊन बसायचं, निवड झाली नाही तर रात्रीच्या गाडीनं परत. विदर्भाच्या संघाची बातमी देताना अजूनही अनेकांच्या तोंडी 'नागपूरचा संघ' येतं, ते उगाच नाही.

जितेश २०१४ मध्ये विदर्भाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळू लागला, २०१५ मध्ये रणजी. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्यानं ३४३ धावा केल्या. सबंध देशात तो तिसरा. लगेच मुंबई इंडियन्सनं दहा लाखांना घेतला. अमरावतीत पेढे वाटण्यासारखीच गोष्ट. पण त्या संघात पार्थिव पटेल होता आणि जॉस बटलरही. २०१६ आणि २०१७, दोन हंगाम जितेश मुंबईच्या निळ्या कपड्यांत वावरला. सामना एकही नाही. त्यानंतरची चार वर्षं तर आयपीएलमध्ये त्याला कोणी विचारलंही नाही.

दरम्यान घरचा बाकही तयार होत होता. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आपण इतरांच्या गुणतक्त्यात भर घातली. मग फैज फजलच्या नेतृत्वाखालच्या संघानं इंदूरला दिल्लीला हरवलं आणि १ जानेवारी २०१८ ला करंडक नागपूरला आला. त्या सामन्याच्या आठवणीत रजनीश गुरबानीची हॅटट्रिक आधी येते. मी मात्र दुसऱ्या दोघांचं सांगतो. अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं (नाव वाचून हसू नका, हा वेगळा) थेट त्या अंतिम सामन्यातच प्रथम श्रेणी पदार्पण केलं आणि दोन बळी घेतले. दुसरा अक्षय वाडकर. त्यानं १३३ धावा काढल्या. वाडकर यष्टिरक्षक.

इथं जितेशची गोष्ट अडली. शतक ठोकून करंडक आणणाऱ्या यष्टिरक्षकाला कोण बसवेल? बसवावं तरी का? २०१५ ते २०२५ या दशकात जितेशला विदर्भाकडून वीसही प्रथम श्रेणी सामने मिळाले नाहीत. हा अन्याय होता असं मी म्हणणार नाही. वाडकर त्या जागेला पुरून उरला. २०२४-२५ चा रणजी करंडक तर त्यानं कर्णधार म्हणून जिंकला. गंमत अशी, की २०१८ च्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित स्वतः यष्टिरक्षक, आणि तेही दुसरे. पंडितांच्या वाट्याला पाच कसोटी आल्या. त्यांच्या पुढे असलेले किरण मोरे ४९ खेळले.

हॉकीत हाच खेळ यवतमाळच्या आकाश चिकटेनं पाहिला. त्याच्या पुढे पी. आर. श्रीजेश, म्हणजे भिंतच. श्रीजेशला दुखापत झाली की चिकटेचं दार उघडायचं. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ३-२ असं हरवताना तो गोलमध्ये होता. २०१७ चा ढाक्यातला आशिया कप जिंकणाऱ्या संघातही होता. आणि ६ डिसेंबर २०१७ ला भुवनेश्वरला, एका जागतिक स्पर्धेत, बेल्जियमविरुद्ध ३-३ बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये तो असा उभा राहिला की भारत उपांत्य फेरीत गेला. यवतमाळच्या माणसानं बेल्जियम अडवला, ही गोष्ट आमच्याकडे किती जणांना माहीत आहे? २०१८ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरून त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. गोलरक्षकाच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे जागा गेली. श्रीजेश २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला.

जितेशला वाट सापडली ती वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये. तिथं कीपरकडून पाच दिवसांचा संयम मागत नाहीत. सहाव्या क्रमांकावर येऊन पंधरा चेंडूंत सामना फिरवणारा पाहिजे असतो. २०२२ ला पंजाब किंग्जनं त्याला वीस लाखांना घेतलं. ३ एप्रिलला चेन्नईविरुद्ध तो आयपीएलचा पहिला सामना खेळला, तेव्हा पहिल्या बोलीला सहा वर्षं उलटून गेली होती. १७ चेंडूंत २६, तीन षटकार. हंगामात २३४ धावा, शंभर चेंडूंमागे १६३ च्या गतीनं. ३ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत नेपाळविरुद्ध तो भारताकडून उतरला. मग बंगळुरूनं ११ कोटी मोजले. वीस लाखांची अकरा कोटींशी तुलना करून लोक थक्क होतात. मला बंगळुरूत त्याला भेटलेला मार्गदर्शक जास्त महत्त्वाचा वाटतो. दिनेश कार्तिक. धोनीच्या आधी भारतीय संघात आलेला आणि मग सगळी कारकीर्द धोनीच्या सावलीत काढलेला माणूस. बाकावर बसूनही हात गरम कसे ठेवायचे, हे शिकवायला त्याच्याइतका अनुभवी शिक्षक देशात नसेल.

२७ मे २०२५, लखनौ. समोर २२७ धावा, ऋषभ पंतचं शतक झालेलं, आणि त्या दिवशी बंगळुरूचा कर्णधार जितेश. त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, मयंक अगरवालबरोबर अभेद्य शतकी भागी केली आणि सामना आठ चेंडू राखून संपवला. आठवड्यानं अंतिम सामन्यात अहमदाबादला समोर होता त्याचा जुना पंजाब. तिथं त्याच्या १० चेंडूंत २४ धावा आणि विजय सहा धावांनी. हा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

म्हणून बाक संपला असं समजू नका. सप्टेंबरमध्ये आशिया कपच्या संघात त्याचं नाव होतं. २८ तारखेला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात यष्ट्यांमागे संजू सॅमसन होता.

त्यानंतर आठवड्यानं, ५ ऑक्टोबर २०२५ ला, विदर्भानं नागपुरात शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक घेतला. पहिल्या डावात १४३ धावा अथर्व तायडेच्या. तोही अकोल्याचा, कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० करून पुढे आलेला. कर्णधार आणि कीपर वाडकर. जितेश शर्मा २०२५-२६ च्या हंगामापासून बडोद्याकडून खेळू लागला. किरण मोरे त्याच गावचे.