पिन बघितली का?

दसरा झाला की बीडमधून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत अख्खा संसार, आणि ती ट्रॉली धरून ठेवायला एक वीतभर लोखंडी पिन. ती शेवटची कधी बघितली होती तुम्ही?

दसरा उरकला की आपल्याकडं एक वेगळीच घाई सुरू होते. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार... कोणत्याही रस्त्याला उभे राहा. ट्रॅक्टर चाललेले दिसतील. मागं दोन ट्रॉल्या. त्यात पीठ-मीठ, भांडी, गोधड्या, झोपडीच्या चटया, एखादी शेळी, कोंबड्यांचं खुराडं आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. बायका, लेकरं, म्हातारी आजीसुद्धा. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. तीन-चारशे किलोमीटरचा पल्ला आणि पुढं पाच-सहा महिने ऊसतोड.

आणि हा ट्रॅक्टर कोण चालवतंय? बऱ्याचदा तुमच्याच वयाचा एखादा पोरगा. वीस-बावीस वर्षांचा. गाण्याचा आवाज मोठा, टायरला नवीन गोंडे, बोनेटवर देवाचं नाव. सगळं कसं झकास!

पण निघण्याआधी तो खाली वाकून ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथं जोडलीय ती जागा बघतो का?

खरं सांगा, तुम्ही बघता का?

टन वीस, पिन एक

जरा हिशेब करू. पन्नास एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन असतं साधारण 2 ते अडीच टन. हंगामात दोन ट्रॉल्या ऊस भरला की मागचं वजन जातं वीस टनांच्या आसपास. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं आठ-दहापट जड.

आता 20 मीटर पुढं गेल्यावर 1 मीटर चढणारा रस्ता धरा. आपल्याकडच्या घाटांसमोर हा काही फार चढ नाही. तिथं वीस टन वजन तुम्हाला सतत 1 टनाच्या ताकदीनं मागं खेचत असतं. ती सगळी ओढ ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामधल्या पिनेवर येते. दुसऱ्या ट्रॉलीचा भारही तिच्यावरच. खड्ड्यात चाक आदळलं, अचानक ब्रेक दाबला, की हाच भार काही क्षणांसाठी कितीतरी वाढतो.

अजून एक गणित. पिन 30 मिमीची होती, झिजून 27 झाली. बघायला गेलं तर फक्त 3 मिमी. 'चालतंय की!' पण कापलं जाण्याला विरोध करायची तिची ताकद जवळपास 19 टक्क्यांनी कमी झाली, आणि वाकण्याला विरोध करायची 27 टक्क्यांनी. डोळ्याला दिसते त्यापेक्षा झीज कितीतरी जास्त महागात पडते.

हंसाची मान

परदेशातल्या मोठ्या पिकअपच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. पिकअपच्या हौद्यात मधोमध एक पोलादी गोळा आणि त्यावर हंसासारखी मान वाकवून बसलेला लांबलचक ट्रेलर. त्याला म्हणतातच 'गूजनेक', म्हणजे हंसाची मान. गोळा 2 पूर्णांक 5/16 इंचाचा, साधारण 59 मिमी.

त्यातली गंमत गोळ्यात नाही, गोळ्याच्या जागेत आहे. तो मागं बंपरला लावत नाहीत. मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं बसवतात. त्यामुळं ट्रेलरचं वजन थेट मागच्या चाकांवर उतरतं आणि गाडी पुढून हलकी होत नाही.

आपल्या ट्रॅक्टरचं उलटं आहे. हूक आसाच्या मागं असतो. पहारेनं दगड उचलताना काय होतं? टेकूच्या एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू वर येते. इथं मागचा आस हा टेकू. हुकावर वजन पडलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होणार. चढाला ट्रॅक्टर 'घोडा' होतो तो यामुळंच. त्यात हूक मूळ जागेवरून वर घेतला असेल, किंवा कुणी वरच्या लिंकला साखळी बांधून ओढत असेल, तर ट्रॅक्टर मागं उलटायला दीड सेकंदसुद्धा पुरतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

म्हणून पहिला नियम : ओढायचं ते खालच्या हुकालाच. कंपनीनं दिलेली उंची बदलायची नाही.

बसवताना काय बघाल?

*बोल्ट :* हुकाच्या प्लेटच्या बोल्टचं डोकं बघा. त्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला हवा. साध्या 4.6 च्या बोल्टची ताकद 8.8 च्या निम्मी असते. एक बोल्ट गळाला आणि दुकानात मिळेल तो लावला, असं करू नका. नवीन बोल्ट बसवले की पहिल्या भरलेल्या खेपेनंतर परत आवळा. पहिल्या भाराला ते हमखास थोडे बसतात.

*पिन :* भोकात सरळ जाणारी, फार न हलणारी. सळईचा तुकडा, तुटलेल्या पहारेचा तुकडा, जुना बोल्ट यातलं काहीही पिनेच्या जागी चालत नाही. पिन नेहमी वरून खाली घाला. म्हणजे क्लिप पडली तरी ती आपल्या वजनानं जागेवर राहण्याची शक्यता असते. खालून क्लिप हवीच. क्लिपच्या जागी बांधलेली तार ही क्लिप नव्हे.

*साखळी :* पिन तुटली तर ट्रॉली सुटू नये म्हणून जाड साखळी. दोन साखळ्या असतील तर दांड्याखालून फुलीसारख्या आडव्या बांधा. वळताना ताणली जाणार नाही एवढीच सैल ठेवा, रस्त्याला घासेल एवढी नाही.

*वेल्डिंग :* आर्क वेल्डिंग करण्याआधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर काढा, नाहीतर अल्टरनेटर जातो. पिनेवर वेल्डिंगचा भर देऊन ती जाड करू नका. उष्णतेनं लोखंडाचा गुण बदलतो आणि ती नेमकी तिथंच तुटते.

सगळं जोडून झालं की पाच मिनिटांची परीक्षा घ्या. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, पहिला गिअर टाका आणि हळूच ओढून बघा. उतरून परत हूक बघा. काही सरकलं, वाकलं, वाजलं? मग निघायचं नाही.

आणि पिकअपवाल्यांनो, तुमच्यासाठी एक. मळणीयंत्र नाहीतर जनरेटर ओढायला चासीला हूक वेल्ड करून घेणारे बरेच आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा मनानं बदल करता येत नाही. अपघात झाला की विम्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. चासीवर नको तिथं वेल्डिंग झालं की तडा जायला तीच जागा सापडते, हे वेगळंच.

गाडी बोलते, ऐका!

बिघाड अचानक होत नाही. आधी काहीतरी सांगत असतो.

गिअर टाकताना आणि ब्रेक दाबताना मागून 'खाड्' असा धक्का बसतोय? पिन बारीक झालीय किंवा भोक लांबट झालंय. नुसती पिन बदलून भागणार नाही, भोकही बघा. भोक अंडाकृती झालं असेल तर दांड्याची कडी नाहीतर हुकाची प्लेटच बदलायला हवी.

रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी डोलतेय? दोन चाकांच्या ट्रॉलीत बहुतेक वेळा माल मागं जास्त भरलेला असतो. दांडा वर उचलला जातो, पिनेला वर ओढतो, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकडही कमी होते.

स्टेअरिंग एकदम हलकं लागतंय? आता उलटं. माल पुढं जास्त झालाय आणि पुढची चाकं उचलायच्या बेतात आहेत. थांबा, माल मागं घ्या. फडात मोळ्या भरतानाच हे बघितलं तर रस्त्यात रडायची वेळ येत नाही.

वेल्डिंगजवळ गंजाची बारीक रेघ दिसतेय? तो तडा असू शकतो. खात्री करायची जुनी युक्ती आहे. तारेच्या ब्रशनं जागा साफ करा. रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. खर्च शून्य.

उतार आला की...

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. धारूरचा घाट उतरताना मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलत असतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे स्वतःच्या हातानं गाडी सोडून देणं. आणि ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल! शेतात ते वेगळे असतात, रस्त्यावर त्यांची पट्टी जोडलेली हवी. एकच पेडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, ट्रॉली कात्रीसारखी दुमडते आणि पिनेवर आडवा जोर येतो.

मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि दिवा तेवढाच महत्त्वाचा. रात्री पिन तुटून रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसतच नाही. तो दुचाकीवालाही आपल्यासारखाच कुणाच्या तरी घरचा पोरगा असतो.

'टाइम कुठंय?'

हे सगळं सांगितलं की एक उत्तर ठरलेलं असतं. 'अहो, टाइम कुठंय? खेप मारायचीय. गव्हाणीवर नंबर लागलाय.' खोटं नाही ते. पैसे टनावर मिळतात, खेपा वाढल्या तरच उचल फिटते. ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही, मुकादमाचा फोन थांबत नाही. पोरं पिन बघत नाहीत ती आळसानं नाही, घाईनं. आणि ती घाई त्यांच्या एकट्याची नाही. ट्रॅक्टरमालक, मुकादम, कारखाना सगळ्यांची मिळून आहे. म्हणून नव्या पिनेचे पैसे ड्रायव्हरनं स्वतःच्या खिशातून का घालायचे, हा प्रश्न निघण्याआधीच विचारा. फडात गेल्यावर कुणी विचारू देत नाही.

आणि यात कामही आहे, बरं का! आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, वेल्डरचाही एक वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी एवढे ट्रॅक्टर बाहेर पडतात, तिथं हूक, दांडा, कडी नीट तपासून देणारा पोरगा गावोगावी का नसावा? हंगामाच्या आधीचा महिनाभर त्याच्याकडं रांग लागेल.

तोवर एवढंच करा. उद्या पहाटे तुमच्या गल्लीतून ट्रॅक्टर निघेल. वर आई बसलेली असेल, बहीण असेल, शेजारच्या वहिनी मांडीवर लेकरू घेऊन असतील. सेल मारायच्या आधी खाली उतरा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि वाका.

दुसरं कुणी चालवत असेल तर त्याला विचारा, 'दादा, पिन बघितली का?'

तो हसेल. हसू द्या. पण बघेल.