वाघाच्या यादीतलं पोवळं

अंदमानला निघालेल्या मराठी माणसाच्या सहलपत्रिकेत पहिलं नाव सेल्युलर जेलचं असतं. १९०६ साली बांधून पूर्ण झालेला तो तुरुंग, १९११ मध्ये तिथे आणलेले सावरकर, कोलू आणि कोठड्या हे सगळं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून हावडा मेल नाहीतर गीतांजली पकडायची, कोलकात्याहून दोन-सव्वादोन तासांचं विमान, की आलं पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं सरकारी नाव श्री विजयपुरम. जेल पाहून होतं, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो, आणि मग टूरवाला जाहीर करतो, "उद्यापासून समुद्र. स्नॉर्केलिंगचे कपडे वेगळे काढून ठेवा." वऱ्हाडी घोळक्यात इथूनच चुळबुळ सुरू होते.

ती साहजिकच आहे. अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. खाऱ्या पाण्याशी ओळख आहे, पण ती वेगळ्या वाटेने झालेली. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या शेकडो गावांखालचं पाणी इतकं खारं, की ते धड प्यायला चालत नाही, धड पिकाला. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने खाऱ्या पाण्यात डोकं बुडवायला पैसे मोजायचे, हे ऐकूनच एखाद्या आजींना हसू येतं.

पण या सहलीची दुसरी बाजू वऱ्हाडाच्या चांगल्या परिचयाची आहे. मेळघाटात वनखात्याच्या परवान्याशिवाय आत जाता येत नाही, सफारीत गाइड घ्यावाच लागतो, गाडीतून उतरायचं नाही, पान तोडायचं नाही. सेमाडोह-कोलकासला किंवा अकोटकडून शहानूरला जाऊन आलेल्या कुटुंबाला हे नियम पाठ असतात. अंदमानातला समुद्रही असाच नियम पाळून, वाटाड्या सोबत घेऊन पाहायचा असतो.

हत्ती गेले, नाव राहिलं

जंगल आणि समुद्र एकाच दिवशी पाहायचे, तर अंदमानात सोयीची जागा म्हणजे स्वराजद्वीपावरचा एलिफंट बीच. या बेटाचं जुनं नाव हॅवलॉक. ३० डिसेंबर २०१८ रोजी ते बदललं, पण जेटीवरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवलं. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी, आणि हॉटेलातल्या जेवणात मोहरीच्या तेलाचा वास. श्री विजयपुरमहून जलद बोटीने दीड-दोन तास लागतात. बहुतेक मंडळी बेटावर मुक्काम करतात आणि एक अख्खा दिवस एलिफंट बीचसाठी ठेवतात.

तिथे जायच्या वाटा दोन. जेटीवरून स्पीडबोट घेतली, तर वीसेक मिनिटांत किनारा. दुसरी वाट पायी आहे. राधानगरकडे जाणारा रस्ता सोडून सुमारे दोन किलोमीटर जंगलातून चालत जायचं. लहान मुलं आणि गुडघे धरलेली माणसं असली की बोटच बरी. पण बोटीने गेलेल्याला जंगल लांबूनच दिसतं, एक हिरवी भिंत म्हणून. पायी गेलेल्याला त्या भिंतीच्या आत काय आहे ते कळतं.

मेळघाटचं जंगल पानगळीचं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, लांबवर नजर जाते, म्हणून तर वाघ दिसायची आशा असते. अंदमानात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे अकोल्याच्या जवळजवळ चौपट. इथे गर्जनसारखे उंच वृक्ष सरळ वर जातात आणि बुंध्याशी फळ्यांसारखी रुंद मुळं पसरतात. मातीचा थर पातळ असतो, झाड उंच असतं, तेव्हा तोल सांभाळायला ही आधारमुळं लागतात. अंदमानचा प्रसिद्ध पडौक हा आपल्या बिवल्याचाच जवळचा नातलग, दोघांचं कुळ एकच. लालसर लाकडामुळे त्याला साहेबाच्या काळापासून मागणी.

या लाकडामुळेच इथे हत्ती आले. अंदमानात रानहत्ती मूळचे नव्हतेच. तोडलेले ओंडके ओढायला ते भारताच्या मुख्य भूमीवरून जहाजाने आणले गेले, आणि जिथे त्यांचं काम चालायचं त्या किनाऱ्याला त्यांचं नाव चिकटलं. त्यातला राजन नावाचा हत्ती तर समुद्रात पोहायचा. सोंड पाण्याबाहेर आणि चार पाय पाण्याखाली हलताहेत, असे त्याचे फोटो जगभर गेले, एका परदेशी चित्रपटातही तो दिसला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अंदमानातल्या वृक्षतोडीला लगाम बसला आणि हत्तींचं काम सरलं. राजन २०१६ मध्ये स्वराजद्वीपावरच गेला. आज तिथे हत्ती पाहायला मिळेल या आशेने गेलेली मुलं हिरमुसतात. चांगला गाइड त्यांना आधीच सांगून ठेवतो.

वाटेत वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हाही नाही. जंगलात राहणारा मोठा शिकारी प्राणी या बेटांवर मूळचा नाहीच. चितळ मात्र आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजांनी ते शिकारीच्या हौसेसाठी आणून सोडले. मेळघाटात चितळ वाघा-बिबट्याचं पोट भरतं. इथे त्याला खाणारं कुणी नाही, त्यामुळे त्याची संख्या वाढत गेली. तो एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जातो आणि जंगलात उगवणारी कोवळी रोपं फस्त करतो. चितळासारखा देखणा प्राणी जंगलाला डोईजड होऊ शकतो, हे वऱ्हाडी पाहुण्याला चटकन पटत नाही.

वाट शेवटी चिखलात उतरते. खारफुटीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, आणि भरती असेल तर पाणी घोट्यापर्यंत येतं. गाइड निघण्याची वेळ ठरवतो ती भरती-ओहोटी पाहून. तो जोरात हाका मारायला लागला की समजावं, पाणी चढतंय.

अंदमानच्या जंगलाशी मेळघाटचं आणखी एक नातं आहे, आणि ते माणसांचं आहे. जंगलतोडीच्या कामासाठी १९१८ पासून छोटा नागपूर भागातून उरांव, मुंडा, खडिया मजूर इथे आणले गेले. त्यांच्या वंशजांना अंदमानात आजही 'रांचीवाले' म्हणतात. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मुंडा गटाची, म्हणजे या रांचीवाल्यांपैकी मुंडा आणि खडियांच्या भाषेची बहीण. आणखी दक्षिणेला निकोबारमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषाही त्याच मोठ्या ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या आहेत.

डोकं पाण्यात, श्वास तोंडाने

किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेले वृक्ष अजून आडवे पडलेले दिसतात. त्यांच्या पलीकडे रंगीत जॅकेटांची गर्दी. बोटीच्या भाड्यात थोडा वेळ स्नॉर्केलिंग धरलेलं असतं, जास्त वेळ हवा तर वेगळे पैसे.

पोहता येणं इथे आवश्यक नाही. विहिरीत पत्र्याचा डबा पाठीला बांधून पोहायला शिकलेला माणूस आणि गुडघाभर पाण्यातही न गेलेली त्याची बायको, दोघं एकाच रिंगला धरून तरंगतात. गाइड रिंग ओढत पुढे पोहतो. खाऱ्या पाण्यात शरीर तसंही वर राहतं, त्यात लाइफ जॅकेट. खरी अडचण श्वासाची. मुखवटा नाकावर घट्ट बसलेला असतो, त्यामुळे नाकाने श्वास घेता येत नाही. नळी दातांत धरून तोंडाने घ्यायचा. पहिल्या खेपेला पाच-सात श्वासांतच जीव घाबरा होतो आणि माणूस डोकं वर काढतो. गाइडला याची सवय असते. तो कंबरभर पाण्यात उभं करून आधी नुसता श्वास घ्यायला लावतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून तो आतून थुंकी चोळून काच विसळतो. नाक मुरडणारी मंडळीही एकदा धुकं धरल्यावर निमूटपणे तेच करतात.

पाण्याखाली वस्तू एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात, कारण पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाश वाकतो. म्हणून हात लांबवला की मासा वाटतो त्याहून दूर असतो. हिरवा-निळा पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडताना कुरकुर असा आवाजही ऐकू येतो. तो खातो ते शेवाळ, सोबतचा चुना पोटातून बारीक होऊन बाहेर पडतो. अशा बेटांवरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग या माशांच्या विष्ठेचा असतो. ही माहिती किनाऱ्यावर डबा उघडायच्या आधी न सांगितलेली बरी!

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळासाठी अंगठीत घालायचा लाल खडा आठवतो. तो खोल पाण्यातल्या वेगळ्या जातीचा. इथल्या खडकांसारख्या दिसणाऱ्या प्रवाळांत लाखो इवले प्राणी दाटीने राहतात. ते चुन्याचं घर बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्यांना पुरवतं. रंगही बराचसा त्याच शेवाळाचा. फांद्यांसारखं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोळ्यासारखं त्याहून कितीतरी हळू. त्यावर एक पाय पडला, की कित्येक वर्षांचं बांधकाम तुटतं.

समुद्र आठवडेच्या आठवडे नेहमीपेक्षा तापला, तर प्रवाळ हे शेवाळ अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पाणी निवलं तर काही प्रवाळ सावरतं, बाकीचं मरतं आणि राखाडी होतं. जाहिरातीतल्या रंगांच्या अपेक्षेने गेलेल्याला मधले मधले राखाडी पट्टे दिसतात, ते या उन्हाळ्यांचे.

नियम कशासाठी

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. २००१ साली प्रवाळाचं नावही याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या यादीत, दाखल झालं. किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणंही गुन्हा ठरतं. विमानतळावर बॅगा तपासताना असे तुकडे काढून घेतले जातात आणि सहलीचा शेवट कागदपत्रं भरण्यात होतो.

श्री विजयपुरमजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या या उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेता येत नाही. पाण्याच्या बाटल्याही वांडूरच्या जेटीवर ठेवाव्या लागतात. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं, उरलेले महिने रेड स्किन, म्हणजे दोन्ही बेटांना आळीपाळीने विश्रांती. घरून आणलेला चिवडा आणि सांबारवडी प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी स्टीलच्या डब्यात भरून नेली, तर जेटीवरची अर्धी हुज्जत वाचते.

काही नियमांमागे माणसांचे जीव आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ स्नॉर्केलिंग करणारी एक अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. खाऱ्या पाण्यातली मगर खारफुटीच्या खाड्यांतून समुद्रात येते, म्हणून ठरवून दिलेला पट्टा सोडून पाण्यात उतरायचं नसतं. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून २१ जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा बरीच जास्त माणसं भरली होती. आणि मे २०२२ मध्ये आपल्याच तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, त्यात दोन पर्यटक दगावले. त्यांत वऱ्हाडातला एक तरुण होता.

म्हणून सहल ठरवताना दरापेक्षा काही साधे प्रश्न आधी विचारावेत. बोट किती जणांची आणि आज किती जण बसणार? जॅकेट पट्ट्यांसकट धड आहे का? एका गाइडमागे किती माणसं? दमा, हृदयविकार किंवा फिट्स असतील तर ते त्याला आधी सांगावं. पाणी गढूळ आहे, आज उतरू नका, असं तो म्हणाला तर पैसे वाया गेल्याची तक्रार करू नये. शहानूरचा गाइड गाडीतून उतरू देत नाही, तेव्हा आपण त्याच्याशी वाद घालत नाहीच.

वेळेचं गणितही वेगळं आहे. स्वराजद्वीप अकोल्याच्या पूर्वेला सोळा रेखांशांवर, पण घड्याळ तेच. हिवाळ्यात पहाटे साडेपाचनंतर लगेच उजाडतं आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की सूर्य बुडतो. त्यामुळे आठ वाजता आरामात नाश्ता करणाऱ्यांचा चांगला उजेड निघून जातो. सकाळी समुद्रही शांत असतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ सर्वात भरवशाचा. त्यातही वारा सुटला तर बोटी बंद राहतात, आणि जोरात पाऊस पडून गेला असेल तर वनखातं जंगलवाट बंद करतं. परतीचं विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दिवशी एलिफंट बीच ठेवू नये. मध्ये एक दिवस मोकळा असला, तर हुकलेली सहल दुसऱ्या दिवशी करता येते, आणि ती करावी लागली नाही तर राधानगरचा किनारा आहेच.