हेल्प लिहिली होती, तरी वही कोरी झाली

आजचा भाग लोकलमध्ये उभ्या-उभ्या ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे आम्हा दिवेकरांसाठीच.

आमच्या चाळीत एक ताई शिकवण्या घेतात. फीच्या हिशोबासाठी मी त्यांना पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. त्या तो मोबाइलवर टर्मक्समध्ये चालवतात. त्यातल्या एका ऑप्शनची हेल्प मी अशी दोन ओळींत लिहिली, मध्ये स्पेस देऊन, छान रांगेत:

जोड    जुन्या वहीत नोंद टाक
नवीन   सगळं पुसून सुरुवात कर

ताईंना दिसलं काय? "जोड जुन्या वहीत नोंद टाक नवीन सगळं पुसून सुरुवात कर." त्यांना वाटलं, नवीन नोंद टाकायची तर 'नवीन'. टाइप केलं, एंटर दाबलं. तीन महिन्यांची फी गायब! कागदी वही होती म्हणून वाचलो.

चूक ताईंची नाही, माझी. पायथनमधलं आर्गपार्स आपली हेल्प जशीच्या तशी छापत नाही. ते नव्या ओळी आणि जास्तीच्या स्पेस काढून टाकतं, मग स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मजकूर पुन्हा मोडतं. त्यात डावीकडे ऑप्शनच्या नावांसाठी 24 रकान्यांपर्यंत जागा जाते. लॅपटॉपवर ठीक आहे हो, पण मोबाइलवर तो जवळपास अर्धा स्क्रीन असतो.

मग करायचं काय?

एक, ओळी तशाच हव्या असतील तर फॉर्मॅटर क्लास म्हणून 'रॉ टेक्स्ट हेल्प फॉर्मॅटर' द्या. पण मग ओळी आपोआप मोडत नाहीत, त्यामुळे त्या तुम्हीच आखूड ठेवायच्या.

दोन, हेल्पमध्ये टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहा. "50% सवलत" असं साधं लिहिलंत, तर हेल्प दिसण्याऐवजी एरर येते.

तीन, ही खास आपली अडचण. 'दिवा' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पायथन मोजतो चार, कारण वेलांटी आणि काना वेगळे धरतो. त्यामुळे ऑप्शनच्या बाजूला मराठी शब्द ठेवला की रांग वाकडी होते. तिथे इंग्रजी ठेवा, मराठी समजावणीत लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेटा पुसणारा पर्याय नुसत्या हेल्पच्या भरवशावर सोडू नका. आता माझा प्रोग्रॅम आधी विचारतो, "नक्की पुसू का?"

तुमची हेल्प एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!