एका दिवसाचा दर कसा ठरतो

अमेरिकेत विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी मोठ्या संस्थांऐवजी साध्या वस्तीतली छोटी घरं आहेत. तीन-चार जण एकत्र राहतात, मदतनीस चोवीस तास असतात. १९८१ च्या कायद्याने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, पैसा संस्थेबाहेरच्या सेवांना मिळू लागला, तेव्हापासून अशी घरं वाढत गेली. खर्चाचा निदान निम्मा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. दर मात्र राज्य ठरवतं.

आठवड्याचे तास १६८, एका कर्मचाऱ्याचे ४०. म्हणजे एक माणूस कायम हजर ठेवायला चार जण पुरत नाहीत. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर जवळपास पाच लागतात. त्यांचा ताशी पगार हा दराचा पाया. त्यावर विमा, कर, देखरेख आणि कार्यालयाचा खर्च चढतो. वर्षाच्या या बेरजेला रहिवाशांच्या संख्येने आणि दिवसांनी भागलं की प्रत्येकाचा रोजचा दर निघतो.

अर्थात गरजा सारख्या नसतात. भरवावं लागतं का, उचलावं लागतं का, फिट येते का, हे प्रश्नावलीने मोजून पातळी ठरते. रात्रपाळीचा मदतनीस झोपला तरी चालेल की जागाच हवा, यानेही दर बदलतो. फिट येणाऱ्याच्या घरी तो जागाच हवा. तिथे काटकसर करणं मला धोक्याचं वाटतं.

चौघा रहिवाशांपैकी एक रुग्णालयात गेला तर त्याचे पैसे थांबतात, रात्रपाळी थांबत नाही. म्हणून विचारपूर्वक बांधलेल्या दरात वर्षाचा खर्च ३६५ पेक्षा कमी दिवसांनी भागतात.

घरभाडं आणि जेवण यात धरत नाहीत. ते बहुधा रहिवाशाच्या एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मिळणाऱ्या, भत्त्यातून जातं. २०२५ साली केंद्राचा हा भत्ता महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर होता. शिवाय मेडिकेडमधून मिळणारी घराची ही सेवा त्या-त्या राज्यापुरती असते. नोकरीसाठी राज्य बदलणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी हे आधी पाहावं, कारण नव्या राज्यात अर्ज पुन्हा करावा लागतो आणि अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असते.

दर गोठला की पहिला फटका पगाराला बसतो. मग रहिवाशाचं न बोललेलं ओळखणारी माणसं दुसरी नोकरी धरतात आणि त्याला पुन्हा अनोळखी हातांची सवय करावी लागते. आयडाहोत २००९ मध्ये वाढीव दर काढले गेले, पण विधिमंडळाने पैसा दिला नाही. २००६ चेच दर चालू राहिले. सेवा देणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या, खालच्या दोन न्यायालयांत जिंकल्या. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला: अपुऱ्या दराविरुद्ध संस्थांना असा दावा करता येत नाही, मेडिकेड कायद्यातला उपाय म्हणजे केंद्राने राज्याचा निधी रोखणं. आणि रोखायचा तो याच घरांना पोसणारा निधी.